जठराचा स्टिम्युलेटर: बसवायचा की नाही हे कसं ठरवायचं, आणि बसवल्यावर पुढे काय

दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. सकाळी उलटी होते आणि त्यात काल रात्रीचा भात जसाच्या तसा दिसतो. एंडोस्कोपी झालेली असते. अल्सर नाही, गाठ नाही, वाट मोकळी आहे, तरी अन्न पुढे सरकत नाही. या दुखण्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत ते जास्त दिसतं, पोटाच्या ऑपरेशनमध्ये व्हेगस, म्हणजे मेंदूकडून जठराकडे जाणारा मज्जातंतू दुखावला तरी होतं, आणि बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. औषधं घेऊन घेऊन थकल्यावर कुणीतरी जठराच्या स्टिम्युलेटरचं, म्हणजे पोटात बसवायच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राचं नाव काढतं. घरचे इंटरनेटवर शोधतात आणि एकतर भलत्याच आशेला लागतात किंवा घाबरून विषय बंद करतात. निर्णय नीट विचार करून घेता यावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेत किंवा युरोपात उपचार घेणाऱ्यांना याचा थेट उपयोग होईल. इथे भारतात राहणाऱ्यांना तपासणी, आहार आणि नोंदींचा भाग तितकाच लागू आहे.

आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या

जठराची स्वतःची विजेची लय असते. जठराच्या मोठ्या बाकाकडच्या, म्हणजे बाहेरच्या वळणाकडच्या भागात काहाल पेशी असतात. त्या मिनिटाला साधारण ३ लहरी सोडतात आणि त्या लहरी पायलोरसकडे, म्हणजे जठराच्या खालच्या दाराकडे जातात. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९२१ मध्येच पोटावर इलेक्ट्रोड लावून ही लय कागदावर उतरवली होती. गॅस्ट्रोपॅरेसिसच्या अनेक रुग्णांत काहाल पेशी कमी झालेल्या आढळतात.

मग बाहेरून वीज देऊन हीच लय पुन्हा लावली तर? ती कल्पना खरी आहे आणि तिच्यावर प्रयोगही झाले. पण जठराच्या लहरी काबूत आणायला लांब पल्स (विजेचे ठोके) आणि भरपूर ऊर्जा लागते, शरीरात बसवलेल्या छोट्या बॅटरीला ते झेपत नाही. आज प्रत्यक्ष वापरात असलेलं यंत्र, एंटेरा, वेगळ्या तत्त्वावर चालतं. ते अगदी बारीक आणि झटपट पल्स देतं. त्या जठराला ढकलत नाहीत. व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रांवर त्यांचा परिणाम होतो आणि जठराचा वरचा भाग थोडा सैल पडतो, असं आज मानलं जातं.

याचा अर्थ घरातल्या सगळ्यांनी नीट लक्षात घ्यावा: हे यंत्र उलट्या आणि मळमळ कमी करण्यासाठी आहे. जठर रिकामं होण्याचा वेग त्याने वाढेलच असं नाही, बहुधा वाढत नाही. यंत्र बसवल्यावर पुन्हा तीच तपासणी करून "रिपोर्ट तर तसाच आहे" म्हणून निराश झालेली कुटुंबं असतात. रुग्ण मात्र त्याच महिन्यात पहिल्यासारखा दोन वेळा जेवू लागलेला असतो.

पुरावा किती भक्कम आहे

औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ३१ मार्च २००० रोजी एंटेराला परवानगी दिली, पण ती मानवतावादी सवलतीखाली. मोजक्या रुग्णांसाठीच्या उपकरणांना ही सवलत मिळते. त्यात सुरक्षितता आणि संभाव्य फायदा दाखवावा लागतो. नेहमीच्या परवानगीला लागतो तसा परिणामकारकतेचा पूर्ण पुरावा द्यावा लागत नाही. म्हणून तिथे हे यंत्र बसवायचं तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि विमा कंपन्याही बरीच कागदपत्रं मागतात.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३ रुग्ण होते. कुणाचं यंत्र चालू आहे आणि कुणाचं बंद, हे रुग्णांना माहीत नव्हतं. चालू असलेल्या महिन्यात उलट्या कमी झाल्या. २०१० मध्ये मधुमेहाच्या ५५ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. पहिल्या ६ आठवड्यांत, यंत्र सगळ्यांचंच चालू असताना, उलट्या निम्म्याहून कमी झाल्या. पण नंतर चालू-बंद अशी गुप्तपणे अदलाबदल केली तेव्हा दोन्ही काळांत ठळक फरक दिसला नाही. २०२० मध्ये फ्रान्समधली १७२ रुग्णांची मोठी चाचणी आली. तिच्यात यंत्र चालू असताना उलट्या कमी झाल्या, जठर रिकामं होण्याचा वेग बदलला नाही आणि जीवनमानाच्या गुणांत फरक पडला नाही. कोणते उपचार वापरावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस संस्थेने २०१४ मध्ये या उपचाराला नेहमीच्या देखरेखीखाली मान्यता दिली आहे.

माझं मत असं आहे: ज्याला दिवसात अनेकदा उलटी होते, जो वारंवार सलाइनला भरती होतो, त्याच्यासाठी हा उपचार गांभीर्याने विचारात घेण्यासारखा आहे. ज्याची मुख्य तक्रार पोटदुखी किंवा फुगारा आहे, त्याने यापासून फार अपेक्षा ठेवू नये.

निदान पक्कं करून घ्या

यंत्राचा विचार सुरू करण्याआधी "हे खरंच गॅस्ट्रोपॅरेसिस आहे का" याचं उत्तर हातात हवं. एंडोस्कोपीने अडथळा नाही हे कळतं, जठर मंद आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात अन्न पुढे सरकण्याची तपासणी करतात. अंड्याचा पांढरा भाग, ब्रेडचे दोन स्लाइस, जॅम आणि पाणी असं सुमारे २५५ कॅलरींचं जेवण दहा मिनिटांत खायचं. अंड्यात टेक्नेशियमचा अगदी थोडा किरणोत्सारी अंश मिसळलेला असतो. मग लगेच आणि १, २ व ४ तासांनी कॅमेऱ्याखाली उभं राहायचं. २ तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं असेल तर वेग मंदावला आहे असं धरतात. भारतात शाकाहारी रुग्णांना काही ठिकाणी इडलीचं जेवण देतात. आपल्याला काय देणार आणि त्या जेवणासाठी त्यांची सामान्य मर्यादा किती, हे आधीच विचारा. दीड-दोन तासांत उरकणारी तपासणी पुरेशी नाही. चौथ्या तासाचा आकडा मागून घ्या.

तपासणीआधी दोन गोष्टी सांभाळा. जठराचा वेग बदलणारी औषधं डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवावी लागतात: मेटोक्लोप्रामाइड, डोंपेरिडोन, लेव्होसल्पिराइड ही एका बाजूला आणि ट्रामाडोलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं दुसऱ्या बाजूला. शिवाय त्या सकाळी रक्तातली साखर २७५ च्या खाली हवी, कारण वाढलेली साखरच जठराला सुस्त करते.

वजन किंवा मधुमेहासाठी सेमाग्लूटाइड, लिराग्लूटाइड, टिर्झेपॅटाइड यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना ठळकपणे सांगा. ही औषधं जठराचा वेग कमी करतात. औषधामुळे झालेल्या मंदपणासाठी यंत्र बसवणं चुकीचं ठरेल. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे आजार, ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्यांचा विकार, गांजाच्या नियमित वापराने होणाऱ्या उलट्या, गिळलेलं अन्न विनासायास परत तोंडात येण्याची सवय, हे सगळं बाहेरून तसंच दिसतं. हे एकेक करून वगळलेलं असावं.

औषधं आणि ताट

यंत्राची पाळी येते ती औषधं आणि आहार प्रामाणिकपणे करून झाल्यावरच. मेटोक्लोप्रामाइडने हातापायांच्या किंवा तोंडाच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात. एफडीएने २००९ मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला आणि ते १२ आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असं सांगितलं. डोंपेरिडोनसाठी ईसीजी पाहावा लागतो. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, आणि ती कॅप्सूल कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू असते. वयस्कर माणसाचे हात थरथरू लागले, चालणं मंदावलं, तर ती पट्टी डॉक्टरांना दाखवा.

आहाराचा नियम सोपा आहे, पाळणं अवघड. तूप-तेल कमी, चोथा कमी, घास बारीक, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. "पालेभाजी, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं खा" हा एरवीचा चांगला सल्ला इथे उलटा पडतो. चोथा जठरात साचून त्याचा गोळा बनू शकतो. भाकरी, शेंगदाण्याचं कूट, कच्चा कांदा, संत्र्याची फोड सालपटासकट, हे बाजूला ठेवा. तांदळाची पेज, मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, इडली, उकडून कुस्करलेला बटाटा, रव्याची पातळ खीर, ताक, साय काढलेलं दूध हे बहुतेकांना झेपतं. घट्ट अन्न अडतं तेव्हाही पातळ पदार्थ बऱ्याचदा उतरतात, म्हणून वाईट दिवशी पेज आणि ताकावरच राहावं. जेवून लगेच आडवं होऊ नका, थोडं चाला.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. इन्शुलिन वेळेवर काम सुरू करतं, पण जेवण जठरातच अडकलेलं असतं. जेवल्यानंतरही साखर धाडकन खाली येते आणि चार तासांनी अन्न पुढे सरकलं की वर उडते. अशा वेळी खाल्लेली साखरसुद्धा उशिरा लागू पडते. ग्लुकोजचं पाणी जवळ ठेवा, ग्लुकागॉनबद्दल (उतरलेली साखर वर आणणारं औषध) डॉक्टरांशी बोला, आणि जेवणाआधी इन्शुलिन घ्यायचं की नंतर हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

उलट्यांची वही

सगळ्या तयारीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही वही. यंत्र उलट्यांवर काम करतं, म्हणून त्याचा फायदा मोजायचा तो उलट्यांच्याच मापाने. आधीचे आकडे नसतील तर नंतर "बरं वाटतंय बहुतेक" याच्यापुढे कुणाला काही सांगता येत नाही.

रोज लिहा: उलट्या किती वेळा झाल्या, काही बाहेर न पडता नुसते उमासे किती, मळमळ किती तास होती, काय आणि किती खाल्लं, साखर, वजन आठवड्यातून एकदा. त्याबरोबर नऊ प्रश्नांचा एक ठरलेला तक्ता असतो. मळमळ, उमासे, उलटी, पोट भरल्यासारखं वाटणं, जेवण पूर्ण न होणं, जेवणानंतर अति भरल्यासारखं वाटणं, भूक न लागणं, फुगारा आणि पोट मोठं दिसणं, या प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे. मागच्या दोन आठवड्यांचा अंदाज एकदम काढू नका, रोज रात्री भरा. निदान महिनाभराची वही झाली की डॉक्टरांसमोर ठेवा. विमा कंपनीसाठीही हाच कागद उपयोगी पडतो. भरती झालेल्या प्रत्येक वेळेची डिस्चार्ज समरी त्याला जोडा.

आपण यात बसतो का

अमेरिकेतली परवानगी १८ ते ७० वयोगटासाठी आहे. आजार मधुमेहामुळे किंवा अज्ञात कारणाने झालेला असावा, आणि मळमळ-उलट्या जुनाट व औषधांना दाद न देणाऱ्या असाव्यात. मधुमेहामुळे आजार असलेल्यांना फायदा जास्त होताना दिसतो. अफूवर्गीय वेदनाशामकं रोज घेणाऱ्यांना कमी होतो, म्हणून ती आधी सोडवून घेण्याचा आग्रह बहुतेक केंद्रं धरतात. काही ठिकाणी एंडोस्कोपीने तात्पुरते इलेक्ट्रोड जठराला लावून थोडे दिवस चाचणी घेतात. ती सोय असेल तर जरूर घ्या.

पर्यायही नीट विचारा. पायलोरसचा स्नायू एंडोस्कोपीने आतून कापण्याची जी-पोएम पद्धत माणसावर पहिल्यांदा २०१३ मध्ये केली गेली. ती आज मुंबई, हैदराबादसारख्या शहरांत होते, आणि ज्यांचं दार घट्ट बसलेलं आहे त्यांना ती जास्त शोभते. वजन फार घसरलं असेल तर आधी लहान आतड्यात नळी घालून पोषण सावरावं लागतं. मनगटाला किंवा मानेला बाहेरून लावायची उपकरणंही आहेत. शस्त्रक्रियेच्या पंक्तीत ती बसत नाहीत, पण सौम्य मळमळीत करून पाहायला हरकत नाही.

ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनमध्ये

पूर्ण भूल देऊन, बहुधा दुर्बिणीतून हे ऑपरेशन होतं. पायलोरसपासून सुमारे १० सेंटिमीटरवर, जठराच्या मोठ्या बाकाच्या स्नायूत दोन तारा एकमेकींपासून १ सेंटिमीटर अंतरावर टोचून बसवतात. त्याच वेळी तोंडातून एंडोस्कोप घालून तार आतल्या अस्तरातून बाहेर आलेली नाही ना, हे पाहतात. मग पोटाच्या कातडीखाली कप्पा करून त्यात पल्स देणारी डबी ठेवतात.

या कप्प्याची जागा आदल्या दिवशी, कपडे घातलेले असताना, पेनाने आखून घ्या. एकदा उभं राहून आणि एकदा बसून. परकराची किंवा सलवारची नाडी कुठे बसते, पॅण्टचा पट्टा कुठे, गाडीचा सीटबेल्ट कुठून जातो, कोणत्या कुशीवर झोप लागते, हे सर्जनला सांगा. बसल्यावर पोटाची घडी ज्या जागी पडते तिथे डबी आली तर ती रोज टोचते. इन्शुलिन पोटात टोचत असाल तर त्या बाजूची जागा कायमची सोडावी लागेल, तेही आखताना लक्षात घ्या. ऑपरेशनआधी साखर आटोक्यात हवी, कारण जखम चिघळली तर बहुधा सगळं यंत्रच काढावं लागतं.

संभाव्य त्रास स्पष्ट विचारा: कप्प्यात जंतुसंसर्ग, तार सरकणं किंवा झिजून जठरात घुसणं, डबीच्या जागी दुखणं, तारेभोवती आतडं अडकणं. हे थोड्यांनाच होतं, पण झालं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. "तुम्ही किती बसवलेत आणि किती काढावे लागले" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

सेटिंग: इथे खरं काम चालतं

सुरुवातीचं ठरलेलं सेटिंग असं: प्रवाह ५ मिलिअँपिअर, पल्सची रुंदी ३३० मायक्रोसेकंद, वारंवारता १४ हर्ट्झ, ०.१ सेकंद चालू आणि ५ सेकंद बंद. म्हणजे दर पाच सेकंदांनी दोन बारीक पल्स, रुग्णाला जाणवतही नाहीत.

डॉक्टर किंवा नर्स प्रोग्रॅमर, म्हणजे बाहेरून सेटिंग वाचणारं आणि बदलणारं उपकरण, डबीवर धरतात आणि आधी तारांमधला रोध मोजतात. समजा तो ५०० ओहम आला. ५ मिलिअँपिअर प्रवाहासाठी २.५ व्होल्ट लागतील, तेवढं व्होल्टेज लावतात. जठरातल्या तारांभोवती पुढे व्रणाची ऊती तयार होते आणि रोध बदलतो. काही महिन्यांनी तो ८०० ओहम झाला आणि व्होल्टेज मात्र २.५ च राहिलं, तर प्रवाह जेमतेम ३.१ मिलिअँपिअर उरतो. रुग्ण म्हणतो की यंत्राचा गुण उतरला, आणि ते खरंच असतं. म्हणून प्रत्येक भेटीत रोध, व्होल्टेज आणि प्रवाह हे तीन आकडे विचारून वहीत लिहा. रोध एकदम फार वाढला तर तार तुटल्याची शंका घेतात, एकदम फार घटला तर तारा एकमेकींना चिकटल्याची.

फायदा यायला आठवडे, कधी महिने लागतात. पुरेसा आला नाही तर प्रवाह ७.५, मग १० मिलिअँपिअरपर्यंत वाढवतात. चालू असण्याचा वेळ १ सेकंद, पुढे ४ सेकंद करतात. वारंवारता २८, ५५ हर्ट्झकडे नेतात. एका भेटीत एकच गोष्ट बदलायची आणि दोन बदलांमध्ये वही भरत राहायची. सेटिंग जितकं चढतं तितकी बॅटरी लवकर संपते. सौम्य सेटिंगवर ती बरीच वर्षं पुरते. संपल्यावर फक्त डबी बदलतात, तारा तशाच राहतात.

रोज सांभाळायच्या गोष्टी

सगळ्यात महत्त्वाचा नियम: डायथर्मी कधीही नाही. गुडघे किंवा कंबर दुखली म्हणून आपल्याकडे फिजिओथेरपीत शेक देतात. त्यातला शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंडचा शेक तारा तापवून जठराला गंभीर भाजू शकतो. यंत्र बंद असलं तरी आणि शेक पायाला असला तरी चालत नाही. सुट्टीत भारतात आलेल्या आईवडिलांना घरातलं कुणीतरी मायेपोटी "दहा दिवस शेक घेऊन ये" म्हणतं. तेव्हा हे सगळ्या घराला माहीत असायला हवं. गरम पाण्याची पिशवी मात्र चालते, डबीची जागा सोडून.

एमआरआयआधी यंत्राचं मॉडेल आणि तारेचं मॉडेल दोन्ही रेडिओलॉजी विभागाला सांगा, कारण परवानगी त्यांच्यावर अवलंबून असते. सोनोग्राफीची तपासणी चालते. कोणत्याही ऑपरेशनआधी, दातांच्या सुद्धा, यंत्राची माहिती द्या. विमानतळावर ओळखपत्र दाखवा, हातातला शोधक डबीवर रेंगाळू देऊ नका. प्रवासाला निघण्याआधी शेवटच्या सेटिंगची छापील प्रत घ्या आणि जिथे जाणार तिथे प्रोग्रॅमर कुठे मिळेल ते विचारून ठेवा. प्रत्येक शहरात मिळणार नाही.

कप्प्याच्या जागी लाली, गरमपणा, पू, ताप. पोटात झटके बसल्यासारखं वाटणं. उलट्या होऊन शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शेवटचं लक्षण आतडं अडकल्याचं असू शकतं. "गॅस्ट्रोपॅरेसिसच आहे, नेहमीचंच" असं समजून रात्र काढू नका.

वर्ष झालं आणि फरक नाही

वही उघडा आणि आधीचा महिना व आताचा महिना शेजारी ठेवा. उलट्या निम्म्याने कमी झाल्या असतील तर यंत्र काम करतं आहे, रिपोर्ट काहीही म्हणो. भरती होण्याच्या खेपा कमी झाल्या असतील तर तेही यश धरा. काहीच हललं नसेल तर आधी रोध तपासा, तारेची जागा एक्स-रेत पाहा, साखर आणि नव्याने सुरू झालेली औषधं बघा. हे सगळं ठीक असेल आणि सेटिंगच्या सगळ्या पायऱ्या झाल्या असतील तर यंत्र बंद करून काही आठवडे नोंदी घ्या. बंद असताना आकडे वाढले नाहीत, तर ते काढून टाकण्याबद्दल बोला. ते काढता येतं, आणि त्यानंतरही जी-पोएम किंवा पोषणाची नळी हे मार्ग बहुधा खुले असतात. बंद केल्यावर उलट्या परत सुरू झाल्या तर पुन्हा चालू करून घ्या आणि बॅटरीच्या तारखेवर लक्ष ठेवा.